गादीवरून मशीनकडे : एका वर्षाचा हिशेब

दोन व्यापारी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "धंदापाणी कसे आहे?" उत्तरही ठरलेले असते, "अल्लाहचा फजल आहे." उत्तर चुकीचे नाही, पण त्याच्या आड पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात. आम्हीही सात-आठ वर्षे हेच उत्तर देत आलो. बाजारात दिले, नातेवाइकांत दिले आणि घरातही दिले. घरात दिले, ही आमची चूक. ती कशी उघडी पडली आणि पन्नाशी उलटल्यावर आम्हास धंदा कसा बदलावा लागला, ते वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत. आमच्यासारखे कापडवाले कोकणातल्या प्रत्येक बाजारपेठेत आहेत. त्यांपैकी एखाद्यास उपयोग झाला तरी पुरे.

जकातीचा हिशेब

पेणच्या बाजारपेठेतील आमचे दुकान मरहूम वालिदसाहेबांनी १९७४ साली काढले. सूटिंग, शर्टिंग, पॉपलिन, अस्तर, बुरख्याचे कापड, शाळेच्या गणवेशाचे कापड असा माल. दर रमजानमध्ये जकात काढण्यासाठी आम्ही मालाचा अंदाज घेत असू. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, थोडे कमी-जास्त करायचे आणि जकात बाजूला काढायची, असा आमचा रिवाज.

२०२४ च्या मार्चमध्ये रमजान सुरू झाला तेव्हा आमची धाकटी मुलगी, जी नुकतीच बी.कॉम. झाली होती, म्हणाली, "अब्बा, जकात अंदाजाने कशी काढता? मोजू या." तीन रात्री तरावीहनंतर दुकानाचे शटर अर्धे ओढून आम्ही, पत्नी आणि मुलगी तागे मोजत बसलो. विक्रीच्या मालावर जकात आजच्या बाजारभावाने धरायची, चाळीसावा हिस्सा. आम्ही ताग्याच्या चिठ्ठीवरचा भाव सांगू लागलो की ती म्हणे, "चिठ्ठीवरचा नको. आज कोणी विकत घेतला तर किती देईल?"

या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले. नऊ लाखांचा समजत होतो तो माल पाच लाखांच्या पुढे जाईना. शंभरावर तागे असे निघाले की ज्यांची घडी २०२० च्या टाळेबंदीनंतर उलगडलीच नव्हती. भिवंडी आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचे साडेतीन लाख देणे होते. उधारीच्या वहीत सव्वा लाख येणे होते, पण त्यातली काही नावे कब्रस्तानात आणि स्मशानात पोहोचली होती. वही मिटून पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, इतकी वर्षे हे तुम्ही एकटेच उचलत होता?" रागावली असती तर बरे वाटले असते.

कापड का थांबले

वालिदसाहेब मुंबईस मुळजी जेठा मार्केट व मंगलदास मार्केटमध्ये खरेदीला जात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर मुंबईच्या गिरण्यांचा माल आमच्या फळीवरून कमी कमी होत गेला आणि भिवंडीच्या यंत्रमागाचा व सुरतेचा माल आला. गिरणगाव उद्ध्वस्त झाले, पण आम्हा किरकोळ दुकानदारांचे फारसे बिघडले नाही. कापड कोठूनही येवो, गिऱ्हाइकास ते घ्यावे आमच्याकडूनच लागे.

आताचा बदल वेगळा आहे. गिऱ्हाईक कापडच घेत नाही. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे १.६० मीटर कापड घ्यावे, शिलाई द्यावी, आठ दिवस थांबावे, तेव्हा एक शर्ट होतो. तेवढ्या पैशांत शेजारच्या दुकानात दोन तयार शर्ट लटकलेले असतात. कित्येकदा शिलाई कापडापेक्षा महाग पडते. गिऱ्हाइकाने काय म्हणून थांबावे?

आम्ही मात्र दोष दुसऱ्यांना देत राहिलो. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी झाली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तोवर साध्या कापडावर विक्रीकर नव्हता, त्यामुळे आमच्यासारख्यांना कराची कागदपत्रे प्रथमच करावी लागली. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या दुकानाचे पत्रे उडाले, तागे भिजले. या सर्वांचा फटका बसला हे खरे. पण यातले काहीही झाले नसते तरी ते शंभर तागे विकले गेले नसते, हे कबूल करण्यास आम्हास चार वर्षे लागली.

घरातील बैठक

आमचा मुलगा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात नोकरीस आहे. आठवडाभर रोह्यास आमच्या आपाकडे राहतो, रविवारी दिवा-रोहा गाडीने पेणला येतो. आज ना उद्या तो गादीवर बसेल असे आम्ही धरून चाललो होतो. ११ एप्रिलला ईद झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही विषय काढला. तो म्हणाला, "अब्बा, बसायला मी तयार आहे. पण गिऱ्हाईक कोठे आहे?" दोन दिवस आम्ही त्याच्याशी बोललो नाही.

आमच्या मनात जूनच्या गणवेशाचा आणि पुढच्या लग्नसराईचा माल नव्याने भरायचा होता. त्यासाठी पत्नीच्या सोन्याच्या बांगड्या विकाव्यात असे आम्ही सुचविले. व्याजाच्या वाटेस जायचे नाही हे घरात आधीपासून ठरलेले. ती म्हणाली, "बांगड्या मुलीच्या लग्नासाठी आहेत. धंद्यालाही देईन. पण त्याच कपाटात तोच माल भरायला देणार नाही." त्या वेळी आम्हास हे फार लागले. बाजारात लोक म्हणतील, बापाने उभी केलेली पेढी मुलाने बसवली, याचीच भीती मोठी होती. आज वाटते, त्या नकाराने आमचे घर वाचले.

हाताची किंमत

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती. पेण, हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत वर्षभर काम चालते. चतुर्थीच्या आधी बाजार फुलतो, तेव्हा आमच्याही गल्ल्यात चार पैसे पडतात. एक मूर्तिकार आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्यापाशी आम्ही मन मोकळे केले. ते म्हणाले, "भाई, माती आणि प्लास्टर कोणालाही मिळते. लोक पेणला येतात ते हातासाठी, डोळ्यांच्या आखणीसाठी." आम्ही जन्मभर कापड विकले, पण कापडात हात घातला नाही, हे त्या दिवशी जाणवले.

त्याच सुमारास मुलाने एक गोष्ट सांगितली. कारखान्यांना मजूर पुरविणारे छोटे ठेकेदार कामगारांचे बॉयलर सूट, अॅप्रन मुंबईहून आणतात. त्यांना वीस-तीस नगच हवे असतात. मोठे कारखानदार एवढे लहान काम घेत नाहीत, घेतले तर उशीर करतात, मापे जुळत नाहीत. "अब्बा, तुम्ही कापड ओळखता आणि मास्टर रिकामे बसले आहेत," असे तो म्हणाला.

मास्टर म्हणजे आमच्या दुकानासमोर तीस वर्षे बसणारे टेलर. आमच्या कापडावर त्यांचे घर चालत होते. आमचे गिऱ्हाईक आटले तसे त्यांचेही आटले, पण याबद्दल ते आम्हास एका शब्दाने बोलले नव्हते.

दिवाळीत आम्ही पडून राहिलेला माल पडेल त्या भावाने विकला. आलेल्या पैशांतून आधी व्यापाऱ्यांचे देणे फेडले. दुकानाचा अर्धा भाग एका मोबाईल दुरुस्तीवाल्यास भाड्याने दिला. रोह्यास दुल्हाभाई कुवेतहून कायमचे परतले होते. त्यांची तळमजल्याची खोली व थोडी रोकड, आमची मेहनत, नफ्यात ठरलेला वाटा, अशी भागीदारी झाली. नात्यातला मामला म्हणून तोंडी ठेवण्याचा मोह झाला होता. पण देणे-घेणे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. स्टॅम्पपेपरवर लिहिले, दोन साक्षीदार घेतले. जुनी चार शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक आणि एक काज-बटणाचे मशीन घेतले.

चाळीस नगांचा धडा

जानेवारी २०२५ मध्ये पहिली ऑर्डर मिळाली, चाळीस बॉयलर सूट. मुलाच्या कारखान्यात आम्ही मुद्दाम भाव दिला नाही, त्याच्या नोकरीवर बोट यायला नको. ही ऑर्डर दुसऱ्या ठेकेदाराची होती. आग आणि उष्णतेजवळ काम करणाऱ्यास सुती कापडच लागते, कारण कृत्रिम धागा वितळून अंगास चिकटतो. एका सुटास सुमारे तीन मीटर कापड. आम्ही स्वस्त पडले म्हणून एक सुती ड्रिल उचलले. मास्टरांनी विचारले, "भाई, आधी भिजवून पाहायचे का?" आम्ही म्हणालो, "कापड आम्हास शिकवू नका."

पहिल्याच धुण्यात सूट आखडले. पायजमा घोट्याच्या वर, बाही मनगटाच्या वर. चाळीसही नग परत आले. न आटणाऱ्या कापडावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असे. वालिदसाहेब ताग्याच्या काठावर बोट ठेवून तो गिऱ्हाइकास दाखवीत, तेव्हा आम्ही शेजारी बसलेलो असू. तेच आम्ही विसरलो. त्या रात्री पेणला न जाता रोह्यातच राहिलो. सकाळी मास्टरांची माफी मागितली, कापड बदलले, भिजवून तपासले आणि चाळीस नग आमच्या खर्चाने पुन्हा शिवून दिले. ठेकेदाराने पुढच्या महिन्यात साठ नगांची ऑर्डर दिली.

शिवणकामास मोहल्ल्यातील चार स्त्रिया येतात, नगावर मजुरी. सुरुवातीस त्यांच्याशी कामाचे कसे बोलावे हेच आम्हास समजेना. पत्नी आठवड्यातून दोन दिवस रोह्यास येऊ लागली. आज खोलीतील खरी व्यवस्था तिच्या हाती आहे आणि आम्ही कापड आणणे, माल पोहोचविणे, वसुली एवढेच पाहतो.

उपयोगाच्या चार गोष्टी

एक, दुकानातील माल वर्षातून एकदा मोजा आणि आजच्या भावाने मोजा. जकातीचा हिशेब नीट केला तर धंद्याची तब्येतही कळते.

दोन, उद्यम नोंदणी करा. २०२१ पासून ती व्यापाऱ्यांनाही मिळते, पण व्यापाऱ्यास तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. माल तयार करणाऱ्या लहान उद्योगास मात्र २००६ च्या कायद्याने संरक्षण आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. वेळेत पैसे न देणाऱ्यास तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही, ही तरतूद २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झाली. आम्ही बिलावर उद्यम क्रमांक छापतो. वसुलीस फरक पडतो.

तीन, कारागीर बांधवांसाठी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत दर्जी आहे. कर्ज घ्यायचे नसेल तर नका घेऊ, पण प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत त्यात आहे.

चार, घरात खरे सांगा. ही गोष्ट शेवटी लिहिली, पण पहिली तीच आहे.

दुसरा रमजान

मार्च २०२५ मध्ये पुन्हा रमजान आला. या वेळी मोजणी एका रात्रीत संपली. माल थोडा होता, पण त्यात पडून राहिलेला तागा एकही नव्हता. व्यापाऱ्यांचे देणे शून्य. कमाई आमच्या चांगल्या वर्षांच्या निम्मीही नव्हती, हेही लिहून ठेवतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. जकातही कमी निघाली, पण यंदा ती अंदाजाची नव्हती.

ईदनंतर मुलीचा निकाह साधेपणाने झाला. बांगड्या तिच्या हातात गेल्या. सासर पनवेलला आहे, तरी कारखान्याच्या हिशेबाच्या वह्या अजून तिच्याकडेच असतात. पेणच्या अर्ध्या दुकानात आम्ही शुक्रवार सोडून सकाळी दोन तास बसतो, गणवेशाचे कापड आणि अस्तर विकतो, मग रोह्याची गाडी पकडतो. वालिदसाहेबांची गादी तेवढ्यापुरती शिल्लक आहे.

परवा बाजारात एका जुन्या कापडवाल्या दोस्ताने विचारले, "धंदा कसा आहे?" आम्ही म्हणालो, "अल्लाहचा फजल आहे. बसा, सांगतो." आणि त्यांना सर्व आकडे सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "मोजायला किती रात्री लागल्या?"