तिसरा फेज कुठून येतो?

शेतातल्या खांबावरून येणाऱ्या तीन फेज तारांमध्ये वीज एकाच जातीची असते. दाब तेवढाच, सेकंदाला हेलकावे तेच पन्नास. फरक फक्त वेळेचा. पहिल्या तारेतला दाब शिगेला पोचला की साधारण पावणेसात मिलिसेकंदांनी दुसरीतला पोचतो, आणखी तेवढ्याच वेळाने तिसरीतला, आणि वीस मिलिसेकंद पुरे होतात तोवर पुन्हा पहिलीची पाळी येते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण विहिरीवरच्या, बोअरमधल्या आणि नदीकाठच्या लाखो मोटरी फिरतात त्या एवढ्याशा उशिराच्या जोरावर.

आता वस्तीवरची अडचण बघा. शेतीला थ्री फेज पाळीने मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की थंडीत, विंचूकाट्यातून दारं धरायला जावं लागतं, आणि हे ज्याने केलंय त्याला त्यातलं भय आणि थकवा दोन्ही ठाऊक आहेत. पाळी संपली की बऱ्याच ठिकाणी घरात दिवे लागावेत एवढ्यापुरती सिंगल फेज राहते. म्हणजे विहिरीत पाणी आहे, मोटर धडधाकट आहे, वीजही आहे, आणि पिकाला पाणी मात्र देता येत नाही. फेज एक असला म्हणून काय झालं, वीज ती वीजच ना? या प्रश्नाचं उत्तर विजेच्या अभ्यासातल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी एका कल्पनेपर्यंत नेतं.

मोटर उघडली की बाहेरच्या कवचात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली दिसतात, तीन फेजची तीन, गोलाकार रचलेली. मधला रोटर म्हणजे लोखंडी पत्र्यांचा दंडगोल, आणि त्यात दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कांड्या. रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. वेटोळ्यांमधून तीन फेज आपापल्या वेळी शिगेला पोचत जातात, तसं चुंबकीय क्षेत्र पहिल्या वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सरकतं. कुठलाही भाग हललेला नसतो, तरी पोकळीत एक अदृश्य चुंबक गरगर फिरत असतो. दोन ध्रुवांच्या मोटरीत मिनिटाला ३,००० फेरे. त्याच्यामुळे रोटरच्या कांड्यांमध्ये प्रवाह निर्माण होतो आणि रोटर त्याच्या मागे धावू लागतो, २,८५०-२,९०० फेऱ्यांनी. तो त्याला गाठत कधीच नाही. गाठलं तर कांड्यांमधला प्रवाह थांबेल आणि ओढही संपेल.

हे फिरतं क्षेत्र इटलीत तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिसांनी १८८५ मध्ये करून पाहिलं आणि १८८८ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी निकोला टेस्ला यांना अमेरिकेत पेटंटं मिळाली. आज आपण वापरतो त्या पिंजरा-रोटरच्या थ्री फेज मोटरीला १८८९ मध्ये आकार दिला तो मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी. १८९१ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात तिचं जगासमोर प्रात्यक्षिक झालं. १७५ किलोमीटरवरच्या लाउफेन गावी नेकार नदीच्या पाण्यावर वीज तयार केली, ती तीन तारांवरून आणली आणि तिने शंभर अश्वशक्तीची मोटर चालवून प्रदर्शनाच्या आवारात एक कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. थ्री फेजचा बोलबाला झाला तो पंप चालवूनच, हे आपल्याकडे शाळेत आवर्जून सांगायला हवं.

आता यातले दोन फेज काढून घ्या. उरलेलं एकटं क्षेत्र फिरत नाही. ते एकाच रेषेत वर-खाली होतं. जात्यावर दळायला बसलेल्या बाईने खुंटा नुसता समोर ढकलला आणि सरळ मागे ओढला, तर पाळू जागच्या जागी हिसके खाईल, फिरणार नाही. फिरवायला ढकलण्या-ओढण्याच्या मधल्या क्षणी खुंट्याला बाजूचा रेटा लागतो. तोही नेमका त्या क्षणी. ढकलतानाच बाजूला रेटलं तर खुंटा नुसता तिरका जाईल. सिंगल फेजला तो मधल्या क्षणाचा रेटा नसतो. म्हणून मोटर घुमते, तापते, पण हलत नाही.

गणिताने पाहिलं तर याहून नवल वाटतं. वर-खाली होणारं क्षेत्र म्हणजे विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन अर्ध्या क्षेत्रांची बेरीज असते. एक रोटरला उजवीकडे ओढतं, दुसरं डावीकडे, तेवढ्याच जोराने. उभ्या रोटरला कोणाचं ऐकावं ते ठरवता येत नाही. पण बाहेरून कोणी त्याला एका दिशेने वेग दिला, तर त्या दिशेच्या क्षेत्राची पकड वाढते, दुसऱ्याची सुटत जाते, आणि तो एका फेजवरही फिरत राहतो. कपलिंगला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा जुना उपाय यामुळेच लागू पडतो. दोरी अडकली तर हात जायला क्षणही लागत नाही, म्हणून तो कोणी करू नये.

म्हणजे सिंगल फेजकडे ताकद कमी म्हणून मोटर अडत नाही. तिला हवी असते ती वेळेची पुढेमागे. ती मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत, आणि तिन्ही आपल्या आसपास आहेत.

पहिला कंडेन्सर. कंडेन्सरमधला प्रवाह त्याच्यावरच्या दाबापेक्षा पाव हेलकावा पुढे असतो. दाब शून्यातून चढू लागतो तेव्हाच प्रवाह शिगेला असतो. मोटरीची दोन टोकं पुरवठ्याला जोडली आणि तिसरं टोक कंडेन्सरमधून एका तारेला जोडलं, की तिसऱ्या टोकाला वेगळ्या वेळेचा प्रवाह मिळतो आणि क्षेत्र फिरू लागतं. ही जोडणी चार्ल्स स्टाइनमेट्झ या विद्युत-गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. २३० व्होल्टवर मोटरीच्या दर किलोवॉटमागे साधारण ७० मायक्रोफॅरड हा तिचा ठोकताळा. पण हा तिसरा फेज खऱ्यासारखा असतो तो फक्त एका ठरावीक भाराला. भार बदलला की प्रवाहाची वेळ चुकते, तीन वेटोळ्यांत वाटणी विषम होते, आणि मोटरीकडून तिच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच काम घेता येतं. सुरू होतानाची ओढ तर फारच कमी.

पंपाला ही कमी ओढ चालते. त्याच्या पंख्याला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुरुवातीला त्याचं मागणं जवळजवळ काहीच नसतं. कडबाकुट्टीच्या तोंडात वैरण अडकलेली असताना तीच मोटर त्याच कंडेन्सरवर चालू करून पाहा, ती घुमत बसेल. पिठाच्या गिरणीचंही तेच.

आणखी एक अडचण दाबाची. आपल्या शेतीच्या मोटरी ४१५ व्होल्टसाठी भरलेल्या असतात. हा दाब दोन फेज तारांमधला. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मिळतात २३०-२४०. मोटरीची ओढ दाबाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ४१५ ची मोटर २३० वर लावली तर तिची ताकद एक-तृतीयांशावर येते. म्हणून गावाकडे ‘टू फेजवर मोटर चालवणे’ म्हणतात तेव्हा दोन फेज तारा जिवंत असतात, मेलेल्या तिसरीच्या जागी कंडेन्सर असतो. एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, बऱ्याच जणांनी हे केलं की दोन फेजवर भार चढतो, दाब पडतो आणि शेजाऱ्याची मोटर जळते. शिवाय कंडेन्सर वीज बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो. तो रिकामा झाल्याची खात्री न करता हात लावणं जिवावर बेतू शकतं.

मोटर भरणाऱ्याच्या दुकानात यातला काही भाग डोळ्यांनी वाचता येतो. जळालेल्या मोटरीचं झाकण काढून वेटोळ्यांची टोकं पाहा. सगळी सारखी काळी पडली असतील तर भार जास्त झाला असेल, किंवा पंप अडकला असेल. पण काही वेटोळी कोळशासारखी आणि मधली काही वार्निशच्या मधाळ रंगाची, अगदी नव्यासारखी दिसली, तर मोटर चालू असताना एक फेज गेला होता. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही फेजच्या वेटोळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेली असतात तिथे, तीनपैकी दोन फेजची वेटोळी जळतात, कारण प्रवाह त्या दोहोंतून जातो आणि तिसऱ्यात काहीच उरत नाही. डेल्टात, म्हणजे टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला असतो तिथे, उलट: एकाच फेजवर बहुतेक सगळा भार पडतो, तो जळतो, दोन शाबूत राहतात. जाणता कारागीर एका नजरेत सांगतो की दोष मोटरीचा नव्हता, डीपीवरचा फ्यूज गेला होता.

फेज गेल्यावर मोटर बंद का पडत नाही? कारण फिरत्या रोटरच्या कांड्यांमध्ये प्रवाह असतात, रोटर स्वतःच चुंबक झालेला असतो, आणि तो फिरताना तिसऱ्या, मेलेल्या वेटोळ्यापुढून जातो. त्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो, जवळजवळ मूळच्या एवढा, आणि बरोबर त्या पावणेसात मिलिसेकंदांच्या अंतराने. गेलेला फेज मोटर स्वतः तयार करते! मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत अद्भुत वाटते. आणि तीच घातकही आहे: फेज गेला की मोटर बंद करायला बसवलेला प्रिव्हेंटर मोटरीच्या टोकांवरचा नुसता दाब पाहणारा असेल, तर या घरच्या फेजला फसू शकतो. प्रत्येक तारेतला प्रवाह मोजणारा प्रिव्हेंटर फसत नाही, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

हाच गुण हेतूने वापरला की दुसरा मार्ग तयार होतो. एक मोठी थ्री फेज मोटर कंडेन्सरच्या मदतीने सिंगल फेजवर फिरती करायची, तिच्या दांड्याला काहीही जोडायचं नाही, आणि तिच्या तिसऱ्या टोकावर तयार होणारा फेज बाकीच्या यंत्रांना द्यायचा. अमेरिकेत दूरदूरच्या शेतांवर एकच फेज पोचलेला असतो. तिथे धान्य वाळवायची यंत्रं वर्षानुवर्षं अशा फिरत्या कन्व्हर्टरवर चालत आली आहेत. आपल्याकडे तो रुळांवरून धावला आहे. पंचवीस हजार व्होल्टची रेल्वेची तार सिंगल फेज. पण जुन्या डब्ल्यूएजी-५ सारख्या इंजिनांतले थंडाव्याचे पंखे आणि ब्रेकची हवा भरणारे कॉम्प्रेसर थ्री फेजवर चालत. मधे बसवलेलं असे आर्नो कन्व्हर्टर नावाचं फिरतं यंत्र, फेरारिसांचे सहकारी रिकार्दो आर्नो यांच्या नावाचं. भुसावळच्या शेडमध्ये काम केलेल्या कुणालाही त्याचा आवाज आठवेल. नंतरच्या इंजिनांत त्याची जागा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरने घेतली.

तिसरा मार्ग तोच, इलेक्ट्रॉनिक. व्हीएफडी नावाच्या डब्यात सिंगल फेजची एसी आधी डीसी होते. २३० व्होल्टच्या एसीचं शिखर ३२५ व्होल्ट, तेवढी डीसी आत साठते. सिंगल फेजची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, ते खड्डे आतले कंडेन्सर भरून काढतात. मग सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीतून तीन नव्या लाटा कापून काढतात, एकमेकींपासून नेमक्या अंतरावर. भार कितीही बदलला तरी ते अंतर चुकत नाही. शिवाय मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरू होताना सहा-सात पट प्रवाहाचा झटका बसत नाही.

दाब मात्र २३० च्या घरातच राहतो. इथे लहान मोटरीच्या मालकाला एक सोय आहे. एक-दोन अश्वशक्तीच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडलेल्या असतात. त्यांच्या डबीत सहा टोकं बाहेर काढलेली असली, तर पितळी पट्ट्या आडव्याच्या उभ्या करून डेल्टा करता येतो, आणि तीच मोटर २४० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. आधी नावाची पट्टी वाचावी आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्यावं. पाच अश्वशक्तीच्या मोटरी सहसा ४१५ ला आधीच डेल्टात असतात. त्यांना ही पळवाट नाही.

सौर पंपाकडेही असंच पाहावं. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप बसतायत. पॅनेलमधून डीसी येते, तिच्यात फेज नावाला नाही. कंट्रोलर तिच्यातून तीन फेज घडवतो; ज्यांना डीसी पंप म्हणतात त्यांतल्या बीएलडीसी मोटरींनाही आतून असेच तीन फेज मिळतात. ढग आला की कंट्रोलर हेलकावे पन्नासवरून चाळीसवर उतरवतो, आणि पंपाची भूक वेगाच्या घनाने कमी होत असल्याने जवळपास अर्ध्या शक्तीत तो चालू राहतो. पाणी चढवण्याची उंचीही त्यासोबत ६४ टक्क्यांवर येते, म्हणून खोल बोअरवर ढगाळ दिवशी मोटर फिरताना ऐकू येते, पण पाइपातून थेंब येत नाही. तो बिघाड नव्हे.

मोटर उलटी फिरत असेल तर थ्री फेज लाइनवर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते, मग ती स्टार्टरच्या आधी केली काय नि नंतर केली काय. व्हीएफडी असेल तर आत येणाऱ्या तारा कशाही बदला, मोटर त्याच दिशेने फिरेल. डीसी होताना तारांचा मूळ क्रम पुसला जातो, आणि कोण आधी, कोण नंतर हे डबा नव्याने ठरवतो. अदलाबदल करायची ती त्याच्या आणि मोटरीच्या मधल्या तारांची, वीज बंद करून, आतले कंडेन्सर उतरेपर्यंत डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबून.