पोरक्या पोराला हवे एक कायमचे माणूस



२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. घरे पुन्हा बांधता येतात. पण आईबाप गेलेल्या पोरांचे काय? दरड असो, आजार असो की अपघात, ही वेळ कुठल्याही घरावर येते. म्हणून बालमनाचे शास्त्र काय सांगते ते पाहू.

मूल रडते, कुणीतरी धावून येते. असे शेकडो वेळा घडले की 'आपल्याला कुणीतरी आहे' हा भरवसा मनात मुरतो. सहा-सात महिन्यांचे मूल आपले माणूस ओळखून त्यालाच बिलगते. डॉ. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मांडले की, नुसत्या अन्नवस्त्राने भागत नाही. मायेचे माणूस तुटले तर मुलाची वाढ अडते. पण ते माणूस आईच हवे असे नाही. ग्लासगो शहरातील ६० बाळांच्या पाहणीत (१९६४) बरीच मुले वडील, आजी यांनाही घट्ट धरून होती.

रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्मी कुटुंबांत ठेवली गेली. अनाथालयातल्या मुलांपेक्षा त्यांची बुद्धी व जिव्हाळा जास्त वाढला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला.

मग करावे काय? पोर एकाच घरी ठेवावे. चार महिने काकाकडे, चार मामाकडे, असे नको. रुजलेली कांडी उकरून कुणी दुसऱ्या सरीत लावतो काय? भावंडांची ताटातूट करू नये. 'आई गावाला गेली' अशी थाप मारू नये. समजेल अशा शब्दांत खरे सांगावे. लहान पोर पुन्हा अंथरूण ओले करील. वयात आलेला पोरगा चिडेल, शाळा बुडवील, नाहीतर गप्प राहील. तो माज नव्हे, दुःख आहे. हात उगारू नये, जवळ बसावे. फार दिवस असेच चालले तर सरकारी दवाखान्यात दाखवावे.

सांभाळणाऱ्या आजी-काकांना खर्चाची चिंता असतेच. त्यासाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दरमहा अनुदान मिळते. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करावी. रायगडकरांसाठी ते अलिबागला आहे. पैशापायी पोर वसतिगृहात धाडण्याआधी तिथे एक खेप जरूर घालावी.