कर्करुग्णाचे ताट

कर्करोगाचे निदान झाले की घरातील मंडळींचे सारे लक्ष डॉक्टर, तपासण्या आणि पैसा यांकडे लागते, आणि ते स्वाभाविकही आहे. रुग्णाने खावे काय, हा प्रश्न मात्र बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यावर सोडला जातो. मग पथ्यांची यादी वाढू लागते. दूध नको, अंडे नको, गोड तर मुळीच नको. साखर तोडली की गाठ उपाशी मरते, असेही ठामपणे सांगितले जाते. याला शास्त्राचा आधार नाही. गाठीची उपासमार करण्याच्या नादात उपासमार होते ती रुग्णाची. वजन झपाट्याने घटले, तर औषधाची मात्रा कमी करावी लागते, कधी उपचारच लांबणीवर पडतात.

रुग्णाला अन्नावरची वासना उरत नाही, हे खरे. केमोथेरपीने मळमळते, तोंडाला धातूसारखी चव येते, फोडणीचा वासही सोसत नाही. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असतील, तर घास गिळणे हीच शिक्षा होते. परंतु यावरचे उपाय घरातलेच आहेत. दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. अन्न वाफाळते न वाढता कोमट वाढावे, म्हणजे वास कमी येतो. तोंडात जखमा असल्यास मिरची, चिंच, लिंबू वगळून मुगाची आसट खिचडी किंवा दुधातील नाचणीची खीर द्यावी.

आजाऱ्यासाठी हलकी म्हणून साबुदाण्याची पेज करण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने त्यात नावालाच असतात. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम मिळतात. डाळ, दही, पनीर, मासे यांतूनही मिळतात. मात्र उपचारांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्गाचे भय वाढते. म्हणून अंडे पूर्ण उकडलेले, मोडाची कडधान्ये शिजवलेली, पाणी उकळलेले आणि अन्न ताजे असावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

हे सारे ज्याच्या घरी चूल आहे त्याच्यासाठी झाले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येत आहेत. त्यांतील काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा लाभतो. अनेकांच्या वाट्याला पदपथच येतो. 'ताजे, मऊ, सकस अन्न द्या' हा सल्ला अशा कुटुंबाने पाळावा तरी कसा? अन्न हा उपचारांचाच भाग आहे, हे एकदा मान्य केले, तर मोठ्या रुग्णालयांलगत नातेवाइकांसाठी सामाईक स्वयंपाकघरे उभारणे आणि आहाराच्या सूचना रुग्णाच्या मातृभाषेत देणे, हे दानशूरांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. शासन आणि महापालिका यांनी ते आपले कर्तव्य मानले पाहिजे.

आणि तोवर तुम्हाआम्हालाही करण्यासारखे काही आहेच. रुग्णाच्या भेटीस जाताना ऐकीव पथ्ये घरी ठेवावीत आणि त्याला आज काय खावेसे वाटते, हे विचारून एक ताजा डबा न्यावा. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या माणसाला त्यामुळे घटकाभर विसावा मिळेल, आणि रुग्णाच्या पोटात दोन घास अधिक जातील.