जुन्या घड्याळांची अस्सल-बनावट परीक्षा व दुरुस्ती

१. प्रास्ताविक

जुन्या घराण्यांचे संग्रह धुंडाळतांना पोथ्या, सनदा व नाणीं यांच्या जोडीला एखादें जेबी घड्याळ हटकून सांपडतें. रुमालांची नोंद होते, पोथ्यांची याद होते. घड्याळ मात्र 'बंद आहे' एवढा शेरा मारून बाजूस ठेवलें जातें, नाहींतर चालू करून आणण्यासाठीं घड्याळजीकडे धाडलें जातें. या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट अधिक घातक आहे, असें आमचें मत आमच्याच एका चुकीमुळें बनलें आहे. ती चूक पुढें सांगणारच आहों.

अमीर-उमरावांच्या घड्याळांची काळजी घेणारे कोणी ना कोणी असतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत तर घड्याळांचें स्वतंत्र दालनच आहे. परंतु औशासारख्या गांवांतील सामान्य कुटुंबाच्या घड्याळास असा वाली नसतो. घड्याळ हाहि एक प्रकारचा लेखच होय. तो कसा वाचावा, त्यांतील अस्सल भाग कोणता व मागाहून घुसडलेला कोणता हें कसें ओळखावें, आणि पुरावा नष्ट न होऊं देतां दुरुस्ती कशी करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. हस्तलिखितांचा व्यासंग असणाऱ्या वाचकांस यांतील तत्त्वें परिचयाचींच वाटतील.

२. यंत्राची रचना

घटिकापात्रांत छिद्रांतून शिरणारें पाणी जें काम करतें, तें येथें पोलादी पट्टीची गुंडाळलेली मुख्य कमान करते. चावी दिल्यानें तींत सांठलेला जोर चाकांच्या माळेंतून पुढें जातो. तो एकदम सुटूं नये म्हणून शेवटच्या चाकाच्या दांतांस एक अटकाव असतो, व झोके घेणारें एक चाक तो अटकाव ठराविक कालानें मोकळा करतें. या झोक्याच्या चाकावर केसासारखी बारीक, वेटोळी कमान असते. तिची लांबी कमीअधिक केली कीं घड्याळ पुढें किंवा मागें पडतें.

जुन्या जेबी व मनगटी घड्याळांपैकीं पुष्कळांत हें चाक सेकंदास पांच ठोके देतें. म्हणजे तासास १८,००० व अहोरात्रांत ४,३२,०००. कलियुगाचीं वर्षेंहि तितकींच सांगितलीं आहेत. हा केवळ संख्यांचा योगायोग होय. परंतु एका दिवसांत एवढे आघात सोसणाऱ्या आंसाचीं टोंकें माणकाच्या छिद्रांत कां बसवितात, व तेथील तेलाचा थेंब वाळला असतां यंत्र कां झिजतें, हें त्यावरून ध्यानांत येईल.

परीक्षेच्या दृष्टीनें घड्याळाचे भाग चार: तबकडी, कांटे, यंत्र (घड्याळजी यासच 'मशीन' म्हणतात) व डबी. हे चारहि भाग सुटे होतात. म्हणून ज्याप्रमाणें पोथीचें पहिलें पान अस्सल ठरल्यानें सबंध पोथी अस्सल ठरत नाहीं, त्याप्रमाणें तबकडीवरील नांवावरून सबंध घड्याळाचा निवाडा करतां येत नाहीं. प्रत्येक भागाची साक्ष वेगळी घ्यावी लागते.

३. अस्सल, तालीक, बनावट व जोड

कागदपत्रांत आपण अस्सल, तालीक व बनावट असा भेद करतों. तालीक ही नक्कल खरी, पण ती आपण नक्कल असल्याचें लपवीत नाहीं. घड्याळांतहि जुन्या नमुन्याबरहुकूम उघडपणें केलेली प्रतिकृति निराळी, व दुसऱ्याचें नांव घालून विकलेली बनावट निराळी. दोहोंस एकाच मापानें मोजूं नये.

बनावटीचा धंदा आजचा नव्हे. अठराव्या शतकांत लंडनच्या कारागिरांची कीर्ति मोठी होती. त्यामुळें युरोपांत इतरत्र बनलेल्या पुष्कळ घड्याळांवर लंडनच्या कारागिरांचीं खरीं-खोटीं नांवें कोरलीं जात. अब्राहम-लुई ब्रेगे यानें इ. स. १७७५ मध्यें पॅरिस येथें आपला कारखाना काढला. त्याच्या नांवाचीं खोटीं घड्याळें इतकीं निघालीं कीं, सुमारें १७९५ पासून त्यानें तबकडीवर, बाराच्या आंकड्याजवळ, आपली सही इतक्या सूक्ष्म अक्षरांत कोरविण्यास आरंभ केला कीं ती तिरप्या उजेडांतच दिसावी. पुढें रोस्कोफ यानें १८६७ मध्यें कामकरी लोकांस परवडेल असें साधें व मजबूत घड्याळ बाजारांत आणलें, तर त्याच्याहि नांवाच्या नकला निघाल्या. सारांश, महाग वस्तूचीच नक्कल होते हा समज खरा नाहीं. जिला गिऱ्हाईक आहे तिची नक्कल होते.

याच्या उलट, नांव व यंत्र यांचा मेळ नसला म्हणजे घड्याळ बनावटच, हाहि समज चुकीचा आहे. हिंदुस्थानांत मुंबई व कलकत्ता येथून घड्याळें विकणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीचें नांव जुन्या तबकड्यांवर फार आढळतें. त्यांपैकीं कांहींत लाँजीन या कारखान्याचें यंत्र असतें. हें घड्याळ बनावट नव्हे. पोथीवर मालकाचें नांव असतें म्हणून तो तिचा कर्ता ठरत नाहीं, तशांतलाच हा प्रकार होय.

चौथा प्रकार जोड-घड्याळांचा, आणि संग्राहकाची फसगत होते ती बहुधा येथेंच. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनें १९६१ मध्यें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगळूर येथें घड्याळांचा कारखाना काढला. 'जनता' हें तिचें हातानें चावी देण्याचें घड्याळ घरोघर गेलें. २०१६ मध्यें कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला, व कालपर्यंत खुंटीला लटकणारीं घड्याळें संग्राह्य झालीं. तेव्हांपासून जुनें यंत्र, दुसऱ्याच घड्याळाची डबी व नव्यानें रंगविलेली भडक तबकडी अशी जोड करून 'मूळ स्थितींतील' म्हणून विकण्याचा प्रकार सर्रास दिसतो. कंपनीनें जे रंग कधीं काढले नाहींत, तेहि त्यांत दिसतात! यांतील यंत्र खरें आहे. खोटें आहे तें त्याविषयीं केलेलें विधान. अति महाग परदेशी घड्याळांच्या आजच्या नकलांतहि कमानीचें चालतें यंत्र असतें. म्हणून 'आंत यंत्र आहे, त्याअर्थीं अस्सल' हा युक्तिवाद टिकत नाहीं.

४. परीक्षेच्या खुणा

(अ) तबकडी. मिन्याच्या जुन्या तबकडीवर केसासारख्या चिरा असणें हा दोष खरा, पण तो प्राचीनत्वास पोषकच आहे. रंगविलेल्या धातूच्या तबकडीवर अक्षरांच्या कडा भिंगाखालीं पाहाव्या. मूळ छाप रेखीव असते. पुनर्लेखनांत अक्षरें फुगतात, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर राहत नाहींत. तबकडीच्या पाठीमागें तिला यंत्रावर बसविणारे दोन-तीन बारीक पाय असतात, व यंत्रांत त्यांच्याकरितां छिद्रें असतात. पाय कापून तबकडी चिकटविलेली आढळली तर ती परकी समजावी. आमच्या मतें ही सर्वांत भरंवशाची खूण होय.

(आ) चकाकणारे आंकडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील कित्येक घड्याळांच्या आंकड्यांस व कांट्यांस रेडियममिश्रित रंग देत. त्या रंगांतील चकाकणारें द्रव्य कांहीं दशकांत निकामी होतें. म्हणून त्या काळची म्हणून दाखविलेली तबकडी आज अंधारांत लख्ख चकाकूं लागली, तर रंग मागाहून भरला असें समजावें. मात्र चकाकी गेली तरी रेडियम जात नाहीं. त्याचें अर्धें बळ ओसरण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. असा रंग खरवडूं नये, फुंकूं नये, व तें घड्याळ घरीं उघडूं नये.

(इ) कांटे. मिनिटाचा कांटा मिनिटांच्या रेघांपर्यंत व तासाचा कांटा आंकड्यांच्या आंतल्या कडेपर्यंत पोंचला पाहिजे. आंखूड किंवा लांब कांटा बहुधा दुसऱ्या घड्याळाचा असतो.

(ई) यंत्र. त्यावरील क्रमांक व कारखान्याची मुद्रा उतरून घ्यावी. स्क्रूंच्या खांचा फाटलेल्या असल्या तर आडदांड हातांनीं तें उघडल्याचें कळतें.

(उ) डबी. मागील झांकणाच्या आंतल्या बाजूस पूर्वींचे घड्याळजी दुरुस्तीची तारीख, आद्याक्षरें किंवा एखादें चिन्ह सुईनें ओरखडून ठेवीत. ही घड्याळाची पुष्पिकाच म्हणावयाची. तें कोणत्या गांवीं व केव्हां होतें, याचा दुसरा पुरावा बहुधा नसतो. आणि पॉलिश करतांना सर्वांत आधीं पुसली जाते ती हीच.

५. आमच्या घरचें घड्याळ

आमच्या आजोबांचें चांदीच्या डबीचें एक जेबी घड्याळ होतें. निजामाच्या एका बड्या अधिकाऱ्यानें तें त्यांस बक्षीस दिलें, अशी घरांतील दंतकथा. परंतु घरच्या मोडी जमाखर्चांत फसली १३४४ (इ. स. १९३४-३५) सालीं 'घड्याळ जेबी १' अशी खर्चाची नोंद आहे. वहींतील इतर रकमा हाली शिक्क्याच्या असून एवढीच कलदार आहे. त्यावरून तें संस्थानाबाहेर, कदाचित् सोलापुराकडे, विकत घेतलें असावें. बक्षिसाची कथा येथें संपते.

पुढें तें आमच्या आत्याबाईंकडे गेलें. औसा तालुक्यांत किल्लारीजवळच्या एका खेड्यांत त्या राहत, व रोज रात्रीं चावी देऊन घड्याळ उशाशीं पत्र्याच्या डब्यांत ठेवीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींचें तें घर बसलें. आत्याबाई वाचल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं ढिगाऱ्यांतून डबा निघाला. घड्याळाची कांच फुटली होती, तबकडीचा टवका उडाला होता, व झोक्याच्या चाकाचा आंस मोडला होता, हें मागाहून कळलें.

आंस मोडला कीं घड्याळ त्याच क्षणीं थांबतें. अर्थात् कांटे जेथें होते, ती जागा हीच एक साक्ष होती. कांच फुटल्यामुळें कांटे सरकले असणें शक्य होतें, म्हणून ती निर्विवाद नव्हती. पण साक्ष होती. ती आम्हीं पाहिली नाहीं. त्या दिवसांत पाहण्यासारखें मन नव्हतें हें खरें; परंतु पुढें दोन महिने घड्याळ आमच्याच कपाटांत होतें, तेव्हांहि पाहिली नाहीं. नंतर एका मोठ्या शहरांतील दुकानांत तें दिलें, व 'नव्यासारखें करून द्या' असें आम्हींच सांगितलें. त्याप्रमाणें तें नव्यासारखें होऊन आलें. डबी आरशासारखी झाली. तबकडी नवी, व तिच्यावर एका प्रसिद्ध परदेशी कारखान्याचें नांव! पंधरा वर्षें आम्ही तें अभिमानानें पाहुण्यांस दाखवीत होतों.

पुढें वडिलांची एक टांचणवही हातीं आली. तींत घड्याळाच्या यंत्राचा क्रमांक व झांकणाच्या आंतील चार ओरखड्यांच्या खुणा त्यांनीं उतरून ठेवल्या होत्या. आम्हीं एका जाणत्या घड्याळजीकडून घड्याळ उघडवून ताडून पाहिलें. यंत्राचा क्रमांक जुळला. तबकडीचे पाय कापलेले व ती चिकटविलेली निघाली. कांटे आंखूड, म्हणजे परके. चार खुणांपैकीं एक तिरप्या उजेडांत अंधुक दिसते, तीन गेल्या. गेलेल्यांपैकीं एक, वडिलांच्या टांचणाप्रमाणें, मोडी 'सो' अक्षराची होती. तें सोलापूर, कीं घड्याळजीच्या नांवाचें आद्याक्षर, हें मूळ खूण असती तर शेजारच्या रेघांवरून कदाचित् ठरलें असतें. वडिलांनीं अक्षर उतरलें. रेघा उतरल्या नाहींत. तालीक कितीहि चांगली असली तरी तिचा उपयोग कोठें थांबतो, याचा हा आमच्या घरांतला दाखला.

तेव्हां निर्णय असा: यंत्र व डबी आजोबांचीं, तबकडी व कांटे परके. आत्याबाईंच्या उशाशीं जें थांबलें, तें हेंच. पण केव्हां थांबलें, हें तें आतां सांगूं शकत नाहीं.

६. दुरुस्तीचे नियम

वरील अनुभवावरून संग्राहकांस कांहीं सूचना करतों. घड्याळ हातीं येतांच, कांटे हलविण्यापूर्वीं, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. फार दिवस बंद असलेल्या घड्याळास चावी देऊं नये. वाळलेल्या तेलावर यंत्र फिरलें तर आंस झिजतात. प्रथम जाणत्याकडून उघडवून झांकणाची आंतली बाजू व यंत्राचा क्रमांक यांचें तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें. दुरुस्तीस देतांना लेखी सांगावें कीं, यंत्र धुवून तेल द्यावें, मोडलेला भाग बदलावा. पण डबीला पॉलिश करूं नये, तबकडी रंगवूं नये, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पुडींत बांधून परत द्यावा. काय बदललें व केव्हां, याची चिठी घड्याळासोबत ठेवावी. चालतें घड्याळ चार-पांच वर्षांनीं स्वच्छ करवावें, व दमट जागा आणि लोहचुंबक यांपासून दूर ठेवावें.

खंडित पोथीचीं हरवलेलीं पानें स्वतः रचून घालणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाहीं. घड्याळाच्या बाबतींत मात्र तेंच काम पैसे देऊन करवितों, व वर समाधान मानतों. आमच्या घड्याळाची परकी तबकडी आम्हीं काढविली नाहीं, कारण तिच्या जागीं बसविण्यास अस्सल तबकडी उरली नाहीं. मात्र घड्याळासोबत आतां एक चिठी असते. तींत कोणता भाग कोणाचा, तें लिहिलें आहे. आणि चूक कोणाची, तेंहि.