१६६० चा मावळा कसा बोलेल?

मित्राच्या गेमसाठी संवाद लिहितोय. काळ १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. माझा पहिला खर्डा होता, 'सेनापती, शत्रूचे आक्रमण होत आहे!' वाचून दाखवला तर मलाच हसू आलं. हा मावळा की वृत्तनिवेदक?

आपल्याला वाटतं, जुनं म्हणजे संस्कृतप्रचुर. उलट त्या काळच्या मराठी पत्रांत फारसी-अरबी शब्दांचा नुसता पूर आहे: हुकूम, फौज, खबर, मजकूर. 'सेनापती' तर सरळ चूकच, तेव्हा नेताजी पालकर होते 'सरनौबत'. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावं आली: पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही शिवाजी महाराजांनी करवून घेतला. म्हणजे गेममधलं साल चौदा वर्षांनी सरकलं, की दरबारातली भाषाही बदलायला हवी. (हे सांगितल्यावर मित्राने कपाळाला हात लावला.)

वेळेचंही तेच. 'पाच मिनिटांत निघू' नाही चालत. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर साधारण तीन तास. आता माझा पहारेकरी म्हणतो, 'गनीम हलला! घटकाभरात दरवाजाशी येईल.'

पण अस्सल बखरीची भाषा घातली तर खेळणारा पहिल्याच वाक्याला अडखळेल. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या गेमचा काळ १२७४ चा, आणि नायक हायकू रचतो, जो प्रकार कित्येक शतकांनंतरचा. कुणाचं काही अडलं नाही. म्हणून मी वाक्यरचना आजची ठेवतो, शब्द तेवढे तेव्हाचे.

सध्या अडलोय शिव्यांपाशी. दफ्तरात त्या फारशा सापडत नाहीत हो!