‘महाल’ घरी पाहताना

(नभोवाणी भाषण, संपादित)

जुन्या भुताच्या चित्रपटांची आता भीती वाटत नाही, असे तरुण मंडळी सांगतात. ‘महाल’ लावला की पंधरा मिनिटांत कुणी मोबाइल काढतो, कुणी चहा टाकायला उठतो. यात त्यांचा फारसा दोष नाही. ते पाहतात तो ‘महाल’ नसतोच; धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे त्याचे काहीतरी उरलेले असते. खोलीत ट्यूबलाइट लागलेली, वर पंखा घरघरतो आहे, आणि पडद्यावर जिथे काळोख हवा तिथे राखाडी धुके. अशाने कुणाला भीती वाटणार?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी १९४९ सालचा कृष्णधवल चित्रपट थिएटरात पाहायला मिळेल, ही आशा कुणी करू नये. पूर्वी व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट चालत, पण त्यातही नव्यांचीच चलती असे. जुने चित्रपट खऱ्या अर्थाने घरी आले ते व्हीसीडीबरोबर, बाजाराच्या दिवशी, स्वस्तात. नंतर डीव्हीडी आली, आता सारे मोबाइलवर आहे. म्हणजे आपल्यासाठी हा चित्रपट जगणार किंवा मरणार तो घरातच. म्हणून तो घरी कसा पाहावा, एवढ्याच गोष्टीबद्दल आज बोलायचे आहे.

आधी चित्रपटाविषयी. ‘महाल’ बॉम्बे टॉकीजचा. मालाडची ही संस्था १९३४ साली सुरू झाली आणि ‘महाल’ आला तेव्हा तिचे चांगले दिवस सरत आले होते. कमाल अमरोही यांचे हे दिग्दर्शनातले पहिले पाऊल. संकलन बिमल रॉय यांचे. नायक अशोककुमार, नायिका मधुबाला. तिचे वय तेव्हा सोळाच्या आसपास. शंकर नावाचा तरुण एका ओसाड महालात राहायला येतो. तिथे त्याला एक तसबीर सापडते आणि तसबिरीतला माणूस हुबेहूब त्याच्यासारखा असतो. म्हातारा माळी जुनी हकिकत सांगतो: हा महाल बांधणारा पाण्यात बुडून गेला, त्याची वाट पाहणारी कामिनीही गेली. मग रात्री घड्याळाचे ठोके पडतात आणि कुठून तरी गाणे ऐकू येते. पुढचे रहस्य मी फोडत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा हक्क आहे तो.

या चित्रपटाचा खरा जादूगार मात्र पडद्यावर दिसत नाही. त्याचे नाव योसेफ विर्शिंग. हा म्युनिकचा छायाचित्रकार १९२५ च्या ‘प्रेम संन्यास’साठी भारतात आला, पुढे हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये रुजू झाला आणि ‘अछूत कन्या’सारखे चित्रपट त्याने टिपले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्याला नजरकैदेत ठेवले. सुटल्यावर तो पुन्हा इथेच कामाला लागला. १९२० च्या दशकातल्या जर्मन चित्रपटांनी भीती दाखवण्याची एक रीत घडवली होती; मुर्नाऊचा १९२२ चा ‘नोस्फेरातू’ आठवावा. भूत दाखवायचे नाही, त्याची सावली जिन्यावरून चढताना दाखवायची. विर्शिंगने ही रीत आपल्या मातीत रुजवली. ‘महाल’मधले झुंबर, जिने, खिडकीचे गज, झोपाळ्यावर बसलेली ती आकृती यांच्यावर तो प्रकाश टाकतो तो हात राखून. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी आपण मनाने भरून काढायची. भीती त्या दुसऱ्या बाजूला असते.

कृष्णधवल म्हटले की आपण काळा आणि पांढरा असे दोनच रंग धरतो. प्रत्यक्षात त्या दोहोंच्या मध्ये करड्याच्या कितीतरी छटा असतात. फितीवरच्या चांदीच्या कणांमुळे त्या उमटतात. काळ्याशार कोपऱ्यात किंचित कमी काळा असा पडदा हललेला दिसला तर अंगावर काटा येतो. त्या दोन काळ्यांमधला फरकच पुसला गेला तर? मग कोपऱ्यात काही नाहीच. घरच्या प्रतीत नेमके हेच घडते.

व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, डीव्हीडीचे ७२० गुणिले ५७६. म्हणजे डीव्हीडीत चौपट माहिती. शिवाय तबकडीत चित्रपट मावावा म्हणून चित्र दाबावे लागते. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या छटा एकत्र केल्या जातात. दुपारच्या उन्हातल्या दृश्याला याने फारसा धक्का लागत नाही. काळोखाला लागतो, कारण काळोखात सगळेच जवळजवळ सारखे असते. परिणामी महालाच्या भिंतीवर चौकोनी ठिगळे हलताना दिसतात आणि नेमकी भुताची चाहूल लागायच्या वेळी लक्ष त्या ठिगळांकडे जाते. त्यात एका कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह, आणि ऐन रंगात आल्यावर ‘दुसरी तबकडी लावा’. पावणेतीन तासांचा चित्रपट एका व्हीसीडीत मावत नाही, त्याला इलाज नव्हता. आज इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कित्येक प्रती अशाच जुन्या तबकड्यांवरून चढवलेल्या असतात. तेव्हा दोन-तीन प्रती उघडून रात्रीचे एकच दृश्य ताडून पाहावे. जिच्यात काळ्या कपड्याच्या चुण्या दिसतात ती प्रत घ्यावी.

आता टीव्हीकडे वळू. दुकानातून आलेला टीव्ही दुकानाच्या झगमगाटासाठी लावलेला असतो. पहिली गोष्ट चित्राच्या आकाराची. ‘महाल’चे चित्र जुन्या टीव्हीसारखे, जवळजवळ चौकोनी आहे. रुंद टीव्ही ते ताणून पडदा भरतो आणि मधुबालाचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. हे पाप आहे. मांडणी ४:३ करावी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्याव्यात. त्या उपयोगाच्या आहेत. खोलीतला दिवा बंद करून चित्रातला सर्वांत गडद भाग या पट्ट्यांशी ताडून पाहावा. तो फारच फिकट दिसत असेल तर ब्राइटनेस थोडा थोडा उतरवावा; चुण्या दिसेनाशा झाल्या तर एक घर मागे यावे. रंगाचे प्रमाण शून्यावर आणावे, म्हणजे निळसर-हिरवट झाक जाते. शार्पनेस उतरवावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय तर हटकून बंद करावी. तिच्यामुळे सेकंदाला चोवीस चौकटींचा चित्रपट रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. घरी जुना, पेटीसारखा काचेच्या नळीचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर त्याला कमी लेखू नये. अंधाऱ्या खोलीत तो काळा रंग कित्येक स्वस्त चपट्या टीव्हींपेक्षा चांगला दाखवतो.

आणि आवाज. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातले ते गाजलेले गाणे सगळ्यांना पाठ आहे, पण चित्रपटात ते कसे येते ते ऐकायला हवे. ध्वनिमुद्रणाच्या वेळची हकिकत लताबाईंनी मुलाखतींतून सांगितली आहे. मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवलेला. त्यांनी दूर कोपऱ्यात उभे राहून सुरुवातीच्या ओळी गायच्या, गात गात चालत यायचे आणि मुखडा येईपर्यंत मायक्रोफोनपाशी पोहोचायचे. आवाज दुरून येतो तो असा, पावलांनी मोजून. गाण्याच्या रेकॉर्डवर तेव्हा गायिकेचे नाव पडले ते ‘कामिनी’, म्हणजे त्या पात्राचेच! मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर हे दूर-जवळ काही कळत नाही. पंखा आणि कूलर चालू असेल तर टीव्हीवरही नाही. आमच्याकडे म्हणून हा चित्रपट पाहायचे दिवस कापूस वेचणीचे, दिवाळीपासून माघापर्यंतचे. पंखा बंद, दारे लोटलेली, बाहेर एखादे कुत्रे भुंकले तर उत्तमच.

एवढी तयारी केल्यावर चित्रपटात जे दिसू लागते ते मला भुतापेक्षा मोलाचे वाटते. रात्री वावरातून परतणाऱ्या माणसाला चकवा लागतो, असे आमच्याकडे मानतात. तो चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच बांधावर येतो. शंकरला लागला आहे तो चकवाच. मित्र त्याला दूर नेतो, घरचे त्याचे लग्न लावून देतात, तरी मन त्या महालाभोवतीच फिरत असते. आणि मग येते रंजना, त्याची बायको. विजयालक्ष्मी या अभिनेत्रीने ती केली आहे. चित्रपट म्हटला की झोपाळा आणि गाणे एवढेच लोकांना आठवते, या बाईची आठवण कुणी काढत नाही. नवरा तिला माणसांपासून दूर, रानातल्या पडक्या जागी नेऊन ठेवतो. साप, वटवाघळे, आणि शेजारी असून नसलेला नवरा. तिच्या घरात भूत नाही. तिच्या नवऱ्याच्या डोक्यात आहे, आणि त्याची किंमत ती मोजते. चित्र ठिगळांचे असेल तर हा भाग रेंगाळलेला वाटतो आणि लोक पुढे सरकवून गाण्यावर जातात. सरकवू नये. माझ्या मते चित्रपटातली सर्वांत भयंकर दृश्ये हीच आहेत.

कृष्णधवलाने नेमके काय साधते ते तपासायचे असेल तर एक प्रयोग मराठीतच करता येतो. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. यात भूत नाही, पण मेलेली बायको परत आल्याची शंका आहे, आणि शंका भुताहून वाईट. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांची कामे आहेत. यावरूनच राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला, रंगीत. दोन्ही लागोपाठच्या रात्री पाहा. ‘मेरा साया’ देखणा आहे, साधना देखणी आहे, पण त्या रंगांत डोळा साडीवर आणि दागिन्यांवर रमतो. ‘पाठलाग’मध्ये रमायला काही नाही, बाईचा चेहरा आणि तो खरा की खोटा हा प्रश्न, एवढेच समोर उरते. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये आणि ‘नया दौर’ २००७ मध्ये रंगवून पुन्हा प्रदर्शित झाले तेव्हा जुन्या चित्रपटांना रंग द्यावेत अशी हौस बोकाळली होती. भुताच्या चित्रपटाला तरी कुणी तो उपकार करू नये.

चांगल्या प्रती इतक्या कमी का, याचेही कारण आहे. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपटांच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या पटकन पेट घेतात आणि नीट न ठेवल्यास आपोआप कुजतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तोवर कितीतरी गेले होते. आणि ८ जानेवारी २००३ रोजी तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून साठवलेल्या जुन्या नायट्रेट फितींचाही मोठा भाग जळाला. तेव्हा घरात व्हीसीडी-डीव्हीडी पडून असतील तर भंगारात देण्याआधी एकदा चालवून पाहाव्यात. मराठी चित्रपटांच्या तर अवश्य पाहाव्यात, कारण एखाद्याची इंटरनेटवरची प्रत तुमच्या कपाटातल्या तबकडीपेक्षाही वाईट निघते. तबकडी कडेने धरावी, मऊ सुती कापडाने मधून बाहेर अशी सरळ पुसावी, गोल गोल नव्हे.