चारशेवीस नंबरचा दिवा

पीयूसीला जाताना कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळायचा आणि कागद हातात पडला की पुन्हा सैल करायचा, हा उद्योग नव्वदच्या दशकात अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत राजरोस चालायचा. स्क्रू आवळला की इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. पण पिकअप जातो, पुलाच्या चढावर गाडी दम टाकते. म्हणून कागद खिशात, स्क्रू पुन्हा मूळ जागी. तेव्हाच्या फियाटला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड माफ होता. मर्यादा इतकी ढिली, तरी तीही नळी आत असेपर्यंतच पाळली जायची.

उपनगरांतल्या गाड्यांच्या धुराचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात या स्क्रूपासून करावी लागते. पुढच्या तीस वर्षांत स्क्रू गेला, युक्ती गेली नाही.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल येणं भागच होतं, कारण शिशाचा थर बसला की कॅट मेला. जुन्या गाड्या मात्र होत्या तशाच धावत राहिल्या. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ मुंबई उच्च न्यायालयात गेला. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि पुढच्या काही वर्षांत टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळल्या. पंपांबाहेर काळ्या-पिवळ्या रांगा लागल्या, त्या आजही हटलेल्या नाहीत. हवेला त्याचा फायदा झाला, हे मान्यच. पण या साऱ्या व्यवहारात एक मोजमाप सरकारला फार सोयीचं पडलं, ते म्हणजे गाडीचं वय. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. ती किती धूर सोडते हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही, आणि विचारायची गरजही उरली नव्हती.

बिघाड मोजणं हे वय मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड काम. मुंबईत २०१० च्या एप्रिलपासून भारत स्टेज चार लागू झालं आणि २०१३ पासून ओबीडी-दोन, म्हणजे गाडीनेच स्वतःच्या धुरावर पहारा द्यायचा. स्टिअरिंगखाली सॉकेट आलं, काट्यांमध्ये पिवळ्या इंजिनाचा दिवा आला. त्या काळात घेतलेल्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्यातला सर्वात चिवट आजार म्हणजे पी-०४२०: कॅटची क्षमता मर्यादेखाली. चारशेवीस हा आकडा ऐकून गॅरेजात एकदा तरी हशा पिकतो. नंतर हसू येत नाही, कारण नवा अस्सल कॅट जुन्या गाडीच्या मालकाला परवडत नाही.

या कोडाची उपनगरी कहाणी बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. दिवा लागतो. स्कॅनर लावून कोड उडवतात. दोन-तीन आठवडे काही नाही. पीयूसीही पास होते. मग गणपतीला गावी निघावं, तर पनवेल मागे पडतं न पडतं तोच दिवा पुन्हा हजर. परतल्यावर कोड पुन्हा उडवला जातो, यावेळी मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलून. दिवाळीपर्यंत शांतता. नाशिकच्या वाटेवर पुन्हा दिवा. आता संशय पेट्रोलवर. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ई-२० आल्यावर तर सगळं खापर इथेनॉलच्या माथी फुटू लागलं. ई-२०साठी न घडवलेल्या गाड्यांच्या रबरी नळ्यांबद्दलची आणि मायलेजबद्दलची काळजी खरी आहे. पण ज्या गाडीत हा दिवा त्याच्या कितीतरी आधीपासून लागतोय, तिथे इथेनॉलला मुख्य आरोपी कसं करणार?

खरं तर सुट्ट्यांचं हे वेळापत्रकच निदान सांगत असतं. कॅटची तपासणी गाडी केव्हाही करत नाही. इंजिन पुरतं तापलेलं हवं आणि काही मिनिटं एका वेगात चाल हवी. घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गावर, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढताना, हा योग कधी येणार? शिवाय बहुतेक गाड्यांत सलग दोन प्रवासांत दोष दिसला तरच दिवा पेटतो. कोड उडवला की दिवा विझतो, पण आधीच्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात आणि परीक्षा नव्याने सुरू होते. उपनगरातल्या रोजच्या रडतखडत प्रवासात ती परीक्षा पूर्णच होत नाही. म्हणजे मधले शांत आठवडे दुरुस्तीचे नव्हेतच, ते न झालेल्या तपासणीचे असतात.

आणि पुसण्यात आणखी एक गोष्ट जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचं तापमान, इंधनाची भर-घट, हे सारं गाडी गोठवून ठेवते. चांगला मेकॅनिक कोडाच्या आधी ते वाचतो. आधी उडवून मग निदान करू म्हणणाऱ्याकडे निदानाला काही उरतच नाही.

ते वाचल्यावर काम तसं सरळ आहे. कॅटच्या आधीच्या साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतो; मागचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की कॅटवर संशय. पण संशयच, निकाल नव्हे. पाइपच्या जोडावरचं गॅस्केट जळलं असेल, फ्लँज गंजला असेल, तर एक्झॉस्टच्या धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. मुंबईत पावसाळ्यामागून पावसाळा तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत गंजाचा संशय आधी घ्यावा. तापलेला सायलेन्सर पाण्यात बुडाला तर कॅटच्या आतली सिरॅमिकची जाळीही तडकू शकते. उंदीर वेगळेच. सेन्सरच्या वायरी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पानं नाहीतर डांबरगोळ्या ठेवणारी मंडळी प्रत्येक सोसायटीत सापडतात.

कॅट खरोखरच गेला असेल, तरी विषय तिथे संपत नाही, आणि हीच जागा सर्वात जास्त चुकते. कॅट सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. एखादी कॉइल अधूनमधून मिसिंग करत असली की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. रिंगा झिजून इंजिन ऑइल पिऊ लागलं की तेलातला फॉस्फरस प्लॅटिनम-पॅलॅडियमच्या थरावर बसतो. हे न पाहता कॅट बदलला, तर नवाही त्याच वाटेने जातो. मग कोणीतरी कुर्ल्याच्या भंगारातून जुना आणायला सुचवतं, कोणी आतली जाळी फोडून पोकळ करायला, कोणी मागच्या सेन्सरखाली लांब नट घालून तो धुरापासून दूर न्यायला. शेवटचा उपाय म्हणजे कार्बोरेटरच्या त्या स्क्रूचाच नातू. मोठ्या कंपन्याही यापलीकडे नव्हत्या: फोक्सवॅगनने परीक्षा ओळखणारं सॉफ्टवेअरच डिझेल गाड्यांत घातलं होतं. ते २०१५ मध्ये उघडं पडलं आणि भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

पीयूसी मात्र दिवा पेटलेला असतानाही मिळते, आणि त्यात केंद्रवाल्याची लबाडी असायलाच हवी असं नाही. बीएस-चार पेट्रोल गाडीला उभ्या जागी ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन ही मर्यादा आहे. अर्धमेला कॅटही, गरम असला तर, तेवढं निभावून नेतो. नायट्रोजन ऑक्साइड तर पेट्रोल गाडीत इथे मोजलाच जात नाही. नळी सायलेन्सरच्या टोकात जाते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटकडे कोणी वळत नाही. गाडीची स्वतःची तक्रार आणि सरकारी कागद एकाच डॅशबोर्डवर सुखाने नांदतात.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेवरून पुन्हा विचारणा केली आणि मुंबई परिसरात फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का हे पाहायला समिती नेमली गेली. चर्चा पुन्हा इंधनाची आणि वयाची. दरम्यान २०१३ च्या गाड्या २०२८ मध्ये पंधरा वर्षांच्या होतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला येतील. तेव्हा पर्यावरण कर भरून घेतला जाईल, पीयूसी पाहिली जाईल. त्या आधीच्या आठवड्यात गॅरेजांतल्या स्कॅनरांना भरपूर काम असेल.